सहा पूर्णांक अठ्ठ्याण्णव

कर्वे रस्त्यावरच्या आमच्या कॉलेजात
जिन्याखाली एक खोली आहे,
पूर्वी तिथे कबड्डीच्या चटया ठेवत.
दारावर खडूने लिहिलंय: सख्य मंडळ, फक्त मुली.
आणि खाली बारीक अक्षरात, जे सगळ्याजणी आधी वाचतात:
सीजीपीए सात. एटीकेटी चालणार नाही.

आज निवड.
टेबल म्हणजे जोडलेले दोन बाक,
त्यावर तिघींत मिळून पोह्यांची एक प्लेट
आणि गुणपत्रिकांचा गठ्ठा,
झेरॉक्सच्या दुकानातून आलेला, अजून कोमट.

आठ पूर्णांक चार येते. नऊला जरा कमी येते.
ती विचारते, मंडळात नक्की करतात काय?
भांडतो गं, मृदुला म्हणते.
खरं तर रात्री कुणी तापाने फणफणली की रिक्षा शोधतो.
घरी बोलता येत नाही ते इथे बोलतो.
फी कमी पडली कुणाची तर डबा फिरवतो,
बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावर पुसट हरीण असलेला.
यातलं सातच्या खाली काय जमत नाही
हे अजून कुणी विचारलेलं नाही.

सहा पूर्णांक पाचवाल्या कारणं मांडीवर घेऊन बसतात:
कावीळ, भावाचं लग्न,
पेपर तपासणाऱ्या सरांची खुन्नस.
आम्ही समजुतीने मान डोलावतो
आणि म्हणतो, पुढची.

पुढची कावेरी ढोबळे. शिरूरची.
रोज एसटीने येते,
कंडक्टरला पास दाखवावा तशी गुणपत्रिका समोर धरते,
आकड्यावर अंगठा न ठेवता.
६.९८.

तिसऱ्या सत्रात काय झालं?
मी विचारते, आणि माझ्याच आवाजात
मेसच्या मावशी ऐकू येतात,
पोळी वाढायच्या आधी कूपन मागणाऱ्या.

काही नाही झालं, ती म्हणते.
अभ्यास कमी पडला.

एवढंच.
पंखा फिरतोय. फरझाना पोह्यातली मिरची बाजूला काढतेय.
एखादी कावीळ दिली असतीस गं,
नाही म्हणायला सोपं गेलं असतं.

बाहेर थांब म्हटलं तिला.

नऊ वर्षांपूर्वी उपप्राचार्यांनी या दाराला कुलूप घातलं होतं,
पोरी नापास होतात म्हणे मंडळाच्या नादानं.
तेव्हाच्या मुलींनी सात लिहून दिलं
आणि किल्ली परत आणली.
आम्ही अजून ते भाडं भरतोय,
दर जुलैत, दुसऱ्यांच्या पोरींकडून.

मृदुला आणि फरझाना चहाला गेल्यात.
मी जुनी वही उघडते, उगाच, तारीख बघायला.
माझ्या वर्षाचं पान.
माझं नाव, समोर पेनाने ठसठशीत सात,
आणि त्याच्याखाली, उजेडाकडे धरलं तर,
खोडलेली पेन्सिल: ६.९६.
शेजारी तन्वंगीताईचं तिरपं अक्षर,
धरून चालू.

मी अंगठा ठेवला होता तेव्हा.
पक्का, घामेजलेला, शेवटच्या ओळीवर.
सात ना? ताईने विचारलं होतं.
सात, मी म्हटलं होतं.
तीन वर्षं मला वाटत होतं की मी फसवलं.
तीन वर्षं मी किती जणींना म्हटलं, पुढची.

पाऊचमध्ये पेन्सिल आहे, टोक केलेली.
खोडरबरही आहे.
दोन्ही परत ठेवते.

पेनाने लिहिते:
ढोबळे कावेरी. सहा पूर्णांक अठ्ठ्याण्णव. घेतली.

शाई वाळेना. फुंकर घालत बसते.
परवा वही वर जाईल सहीला.
बाई चष्मा कपाळावर सरकवतील,
हे काय, म्हणतील,
आणि मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

कावेरी दारातून डोकावते,
हातात अर्धा खाल्लेला डबा.
ताई, सव्वासहाची गाडी आहे, मी निघू का?

थांब जरा, म्हणते.
खोली गेलीच तर हे बाक उचलायला
कुणीतरी लागेल.